सोन्याच्या दातांचा लॅपटॉप

माझ्या दुकानात येणारा माणूस लॅपटॉप काउंटरवर ठेवतो आणि पहिलं वाक्य बोलतो, "कालपर्यंत चांगला चालत होता." दुसरं वाक्य असतं, "काही विशेष नसेल, बारीकसंच काम असेल." म्हणजे पैसे कमी लावा. तिसरं वाक्य तो तोंडानं बोलत नाही. तो स्टूल ओढतो आणि माझे दोन्ही हात दिसतील अशा जागी बसतो. ते तिसरं वाक्य असं: ह्यानं आतलं काही काढून घेऊ नये.

हिंगोलीत इतकी वर्षं बंद पडलेले लॅपटॉप चालू करतोय, पण हे तिसरं वाक्य मला अजून पचलेलं नाही. आणि ते लोकांच्या डोक्यात कोणी घातलं हेही मला ठाऊक आहे. बसस्टँडच्या बाजूला एक मोठं काचेचं शोरूम आहे. नाव लिहीत नाही. फुकटात जाहिरात मी कोणाची करत नाही. तिथला मालक गिऱ्हाइकाला नवा लॅपटॉप विकताना हळूच सांगतो, "जुना त्या गल्लीतल्या मिस्त्र्याला दाखवू नका. ओरिजिनल पार्ट काढून डुप्लिकेट टाकतो." त्याच्या मुलाच्या लग्नाला मी गेलो, दोन वेळा जिलबी वाढून घेतली आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता परत आलो. अजूनही बोलत नाही.

माझं शिक्षण कॉलेजातलं नाही. जवळा बाजारच्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात मी तांब्याच्या तारा गुंडाळत होतो. पाण्यातल्या मोटारी जळायच्या, आम्ही त्या पुन्हा भरायचो. तिथून टीव्ही, तिथून कॉम्प्युटर, तिथून लॅपटॉप. प्रत्येक वेळी एक जुनं मशीन विकत घेतलं, बिघडवलं, आणि ते चालू होईपर्यंत उठलो नाही. घासाघीस शिकलो ती बाजाराच्या दिवशी, कापूस विकायला आलेल्या म्हाताऱ्यांकडून. त्या शाळेला सुट्टी नसते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लॅपटॉप बंद म्हणजे बंद. पण बंद पडण्यातही जाती आहेत. एक म्हणजे काहीच नाही, दिवासुद्धा लागत नाही. तिथं आधी चार्जर बघायचा, मग भिंतीतलं बटण बघायचं. हसू नका; औंढ्याहून एक गुरुजी मशीन घेऊन आले होते आणि त्यांच्या घरच्या बोर्डातच करंट नव्हता. दुसरी जात म्हणजे दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. अशा वेळी मी पडद्यावर तिरपा टॉर्च मारतो. अंधुकसं चित्र दिसलं तर मशीन जिवंत आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. शोरूमवाले असं मशीन मेलं म्हणून सांगतात. जुन्या लॅपटॉपची अजून एक खोड असते. आत कुठंतरी करंट अडकून बसतो आणि बटण दाबलं तरी ते ढिम्म हलत नाही. त्याची बॅटरी काढायची, चार्जर काढायचा आणि चालू करायचं बटण नुसतं दाबून धरायचं, हळूहळू वीसपर्यंत मोजायचं. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं बटण तर दाबलं, त्याचे कसले पैसे?" माझं डोकं इथं फिरतं.

तिसरी जात शिट्टी मारते. जुनी मशीनं चालू होताना आतल्या अवयवांची हजेरी घेतात, आणि एखादा गैरहजर असेल तर ठरावीक शिट्ट्या वाजवून सांगतात. ही गोष्ट त्या शिट्टीची आहे.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी दुकान उघडून झाडलोट करतो न करतो तोच सेनगावकडच्या गाडीनं उतरलेले दोघं आले. पुढं एक तरुण बाई, छातीशी कापडी पिशवी धरलेली. मागं पांढऱ्या पटक्याचा, हातात काठी असलेला म्हातारा. बाईचं नाव सारिका. सेनगावजवळच्या साखरा गावची सून. म्हातारा म्हणजे तिचे सासरे, लिंबाजीबाबा. घरी मेंढ्या, शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर.

"भाऊ, चालू हाय," ती पिशवीतून लॅपटॉप काढत म्हणाली, "पण लई तापतो अन् मधीच बंद पडतो. पंखा साफ करून द्या. दुपारी तीनला माझी परीक्षा हाय याच्यावर."

परीक्षा म्हणजे नोकरीची. नांदेडचं एक कार्यालय दुकानदारांचे हिशेब ठेवतं. त्यांना घरून नोंदी करणारं माणूस हवं होतं. टायपिंग सारिका लग्नाआधीच शिकली होती, पण लग्नानंतर ते तसंच पडलं होतं. आता त्यांनी तिला आणि आणखी एका उमेदवाराला निवडलं होतं. व्हिडिओवर समोर बसवून काम करून घेणार आणि दोघांतल्या एकाला घेणार. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा पाहिजे. म्हणून बाबांनी दोन बोकड विकून सेनगावच्या एका पोराचा जुना लॅपटॉप घेऊन दिला होता.

"मधात बंद पडला तर दुसऱ्या बाईला घेतील," ती म्हणाली. "मग पुन्हा कोण विचारतंय?"

मी मशीन जवळ ओढलं, चार्जर लावला आणि बटण दाबलं. दिवा लागला. पडदा काळाच. आणि आतून शिट्टी: पीं, पीं, पीं. थांबून पुन्हा पीं, पीं, पीं.

सारिकाचा चेहरा उतरला. "काल सांजच्याला तर म्या काम केलं याच्यावर!"

बाबांनी काठी आपटली. "हात लावला अन् बंद पडला! म्या म्हणलं नव्हतं सूनबाई? शोरूममधल्या माणसानं सांगितलं होतं मला. हे लोक असंच करत्यात."

शोरूम हा शब्द ऐकला आणि माझा ताबा सुटला. "बाबा, नुसतं बटण दाबलंय म्या! बटण दाबून पार्ट निघत असते तर शोरूमपरीस मोठी माडी बांधली असती. उचला हे डबडं अन् न्या तिकडंच!"

"डबडं म्हणतो? दोन बोकडं गेली याच्यात!"

"मग बोकडंच ठेवायची होती!"

शेजारच्या झेरॉक्सवाल्यासकट चार माणसं दारात जमली. बाबा त्यांना सांगत होते, मी पण त्यांना सांगत होतो, आणि ते दोन्हीकडं मान डोलावत होते. या गोंधळात सारिकानं लॅपटॉप उचलला, पिशवीत घालायला गेली, आणि घातला नाही. तो तिनं परत काउंटरवर ठेवला.

"मामा, तुमी गप बसा," ती सासऱ्यांना म्हणाली. आवाज चढवला नाही, पण बाबा गप्प झाले. मग माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमी बी गप बसा. भांडण तीननंतर करा दोघं. मला हे चालू करून पाहिजे."

गिऱ्हाइकानं मला गप बसवायची ही पहिलीच वेळ. मी गप बसलो.

शिट्टीचा अर्थ मला ठाऊक होता. या जुन्या मशीनमध्ये तशी शिट्टी म्हणजे रॅम सापडत नाही. रॅम ही बोटभर लांबीची हिरवी पट्टी असते. मशीनला काम करताना जे तेवढ्यापुरतं लक्षात ठेवायचं ते त्यात राहतं. पट्टीच्या एका काठावर सोनेरी दात असतात, ते खाचेत बसतात आणि तिथूनच सगळा कारभार चालतो. दातांवर घाण बसली किंवा पट्टी हलली, की मशीनला काही आठवत नाही, आणि ज्याला काही आठवत नाही ते सुरू होत नाही. शंभरातल्या निम्म्या शिट्ट्या पट्टी काढून, दात खोडरबरानं पुसून परत बसवली की थांबतात.

मी मशीन पालथं केलं. जुन्या लॅपटॉपला खाली रॅमचं वेगळं झाकण असतं, एकाच स्क्रूचं. त्या स्क्रूचं डोकं बघितलं आणि थांबलो. खाच ताजी खरवडलेली होती, आतलं लोखंड चकाकत होतं. पेचकस मापाचा नसला, की असं होतं.

"हे कोणी खोललं होतं का?"

"न्हाई," सारिका म्हणाली.

बाबा रस्त्यावरची गाढवं बघत होते.

झाकण काढलं. आत दोन पट्ट्या होत्या. पहिली उचलली आणि उजेडात धरली. सगळ्या सोनेरी दातांवर, एकही न सोडता, गुलाबी रंग बसला होता. दुसरी काढली, तीही तशीच. जाड, चकचकीत, जागोजागी थेंब सुटलेला.

"हे काय?" मी म्हणालो. "हा तर नेलपेंट हाय."

सारिकानं पट्टी हातात घेतली, वास घेतला. मग सावकाश सासऱ्यांकडं वळली. "मामा, माझी बाटली शोधून राहिले होते म्या सकाळी निघताना."

बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "खूण केली."

"कशाला खूण?"

"कशाला म्हणजे? मोटार वाइंडिंगला देताना करत न्हाई का? माझी मोटार जवळ्याच्या एकानं तांब्याची नेली अन् ॲल्युमिनियमची भरून दिली. तवापासून म्या खूण केल्याबिगर काही देत न्हाई कोणाला."

"पण मामा, दातांवर काहून?"

"मग कुठं?" आता बाबांना राग आला. "सोनं तिथंच हाय ना! पोरांनी मोबाइलवर दाखवलंय मला. कॉम्प्युटरमधलं सोनं काढून इकत्यात लोक. म्हणलं, हे दात सोन्याचे दिसून राहिले. यांच्यावर रंग असला तर परत आल्यावर वळखू येतील. बराबर सगळ्यांना लावलं. एक बी सोडला न्हाई."

"अन् वाळू दिलं का?"

"वाळायला कुठं येळ होता? गाडी निघून राहिली होती. तसंच दाबून बसवलं."

झेरॉक्सवाला हसू लागला. मी त्याला एका नजरेनं हाकललं. मला हसू येत नव्हतं, आणि राग उतरला होता असंही म्हणणार नाही. पण ज्या बाजारात मी तारा गुंडाळल्या, तिथंच या माणसाचं तांबं गेलं होतं. आमच्या दुकानातही मोटारीवर लाल, निळे, पिवळे ठिपके लावून लोक यायचे, कोणी छिन्नीनं नाव कोरून आणायचा. आमचा मालक त्या ठिपक्यांना कधी पुसू देत नसे. म्हणायचा, "आपलं काम चोख असलं तर त्याची खूण आपल्याच कामाची." बाबांनी तेच केलं होतं. फक्त मोटारीची खूण अंगावर चालते, रॅमची दातावर चालत नाही.

"ताई," मी म्हणालो, "समोर बांगड्यांचं दुकान हाय. तिथून नेलपेंट काढायचं औषध आणा. लवकर."

ती गेली. बाबा उठले, पुन्हा बसले. "मिस्त्री," ते हळू म्हणाले, "गेलं का हे?"

"सांगता येत न्हाई."

"पोरीची परीक्षा हाय हो."

"ते आधी आठवायचं होतं," मी म्हणालो. हे वाक्य बोलायची गरज नव्हती. पण शोरूमवाल्यासाठी साठवलेलं होतं, ते त्यांच्यावर निघालं.

दात साफ करणं सोपं होतं. कापसाचा बोळा, औषधाचा थेंब, वरच्या काळ्या चिपला लागू न देता एकेक दात पुसायचा, मग खोडरबर, मग कोरडं फडकं. अडचण खाचेची होती. रंग ओला असताना पट्टी दाबल्यामुळं तो खाचेतल्या बारीक तारांवर लागला होता. तिथं हे औषध टाकलं, तर प्लास्टिक वितळायची भीती. एका खाचेत रंग इतका भरला होता की तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. दुसरीत कमी होता. मी पहिली सोडून दिली. दुसरीतला रंग लाकडी दातकोरण्याच्या टोकानं, भिंग लावून, पापुद्र्यासारखा सोलत बसलो. जोर जास्त झाला तर तार वाकते, आणि तार वाकली तर आख्खा बोर्ड बदलायचा. बाबा श्वास घेतला तरी आवाज होईल म्हणून तोंड दाबून बसले होते.

खाच झाली. एक पट्टी बसवली. बटण दाबलं.

शिट्टी.

सारिकानं डोळे मिटले. मी पट्टी काढली, दुसरी बसवली, अंगठ्यानं टकदिशी आवाज येईपर्यंत दाबली. पुन्हा बटण.

पंखा घरघरला. शिट्टी नाही. पडदा काळाच राहिला, राहिला, आणि मग उजळला.

"आलं!" बाबा ओरडले. "आलं बघ सूनबाई!"

"अजून न्हाई आलं," मी म्हणालो. "तापून बंद पडतंय ते राहिलंय की."

मशीन पुन्हा बंद करून पूर्ण खोललं. पंख्याच्या तोंडाशी लोकर आणि शेळीचे केस दाबून बसून जाड थराचा नमदाच झाला होता. हवा जायला वाटच नव्हती. एवढ्या वर्षांत मी लॅपटॉपमधून मुंग्या काढल्या, पालीची अंडी काढली, चहाची साय काढली, पण लोकर पहिल्यांदाच काढली. ती गुंडाळी बाबांच्या हातावर ठेवली. त्यांनी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "औंदाच्या कातरणीची हाय." वाया जाऊ नये म्हणून की काय, खिशात घातली.

सगळं जोडेपर्यंत दुपार झाली. साखऱ्याची गाडी गाठून, घरी जाऊन तीनला बसणं शक्य नव्हतं. शिवाय एकच पट्टी चालू असल्यानं मशीन हळू झालं होतं, आणि घरी पुन्हा काही झालं तर कोण होतं?

"इथंच बसा," मी म्हणालो. "माझ्या काउंटरवर."

"इथं? अन् गिऱ्हाइकं?"

"गिऱ्हाइकं थांबतील."

शटर अर्ध्यावर ओढलं. माझ्या मोबाइलवरून इंटरनेट दिलं. टेबल फॅन मशीनच्या तोंडाकडं वळवला. बाबांनी स्वतः होऊन आपली जागा ठरवली. शटरखाली उकिडवे बसले, काठी आडवी धरली, आणि जो येईल त्याला सांगू लागले, "आत परीक्षा चालू हाय. साडेतीनला या." एकजण म्हणाला, "मला फक्त चार्जर घ्यायचाय." बाबा म्हणाले, "परीक्षेहून मोठा हाय का तुमचा चार्जर?" तो गेला. माझं गिऱ्हाईक गेलं आणि मी काही बोललो नाही. ज्यांनी मला ओळखलंय त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तीनला पडद्यावर चष्मा लावलेल्या एक मॅडम आल्या. त्यांनी बिलं पाठवली, ती रकान्यांत भरायची होती. सारिकाची बोटं सुरुवातीला अडखळली, मग लागली पळायला. मी मागं उभा राहून मशीनच्या कडेला तळहात धरला होता, गरम हवा बाहेर येते का बघत. येत होती, म्हणजे चांगलं. मध्येच तक्ता अडकला. बाण जागेवरच थिजला. सारिकानं माझ्याकडं मान वळवली.

"थांबा," मी ओठांनीच सांगितलं. "काही दाबू नका."

जुन्या मशीनला घाई केली की ते आडवं पडतं. घाई करणारा माणूस एकावर एक बटणं दाबतो, मशीनपुढं कामाचा ढीग साचतो आणि ते कायमचं झोपतं. तिनं हात मांडीवर ठेवले. मॅडमनी विचारलं, "काय झालं?" सारिका म्हणाली, "मॅडम, जुना लॅपटॉप हाय, विचार करून राहिला." मॅडम हसल्या. तेवढ्यात बाण सुटला.

काम संपल्यावर मॅडमनी नोंदी तपासल्या. बराच वेळ लावला. बाहेर बाबा कोणालातरी दटावत होते. मग मॅडम म्हणाल्या, "चुका नाहीत. सोमवारपासून सुरू करता येईल ना?"

सारिका "हो" म्हणाली आणि पडदा रिकामा झाल्यावर काउंटरवर डोकं टेकून रडली.

बाबा शटरखालून वाकून आत आले. "काय म्हणली ती बाई? काहून रडून राहिली?"

"लागली, बाबा. नोकरी लागली."

त्यांनी पटका काढला, डोकं पुसलं, पुन्हा बांधला. मग माझ्याकडं बघून एकदम व्यवहाराच्या आवाजात म्हणाले, "घरी गेल्यावर बंद पडलं तर?"

"न्हाई पडत."

"पडलं तर?"

"तर मी येतो साखऱ्याला."

मी कोणाच्या घरी जाऊन काम करत नाही. हे माझ्या दुकानावर लिहिलेलं आहे. पण तोंडातून गेलं.

"येतो म्हणले बरं का," बाबांनी दारातल्या माणसांना साक्ष ठेवलं. "बोली झाली."

त्या बोलीपायी मला तीन-चार महिन्यांनी फोन आला. बाबांचा आवाज. "मिस्त्री, या." पुढचं काही न ऐकता मी पेटी गाडीला बांधली. वाटेत स्वतःलाच शिव्या दिल्या. सोडून दिलेली ती खाच मी नंतरही साफ करायला हवी होती, असं सारखं वाटत होतं.

साखऱ्याला पोहोचलो तर बाबा अंगणातच उभे. मी गाडीवरूनच विचारलं, "काय झालं? बंद पडला का? कधीपासून?"

त्यांनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला हो. सूनबाई ऑफिसात हाय."

त्यांनी काठीनं दाखवलं तिकडं बघितलं. अंगणापलीकडच्या खोलीत, खिडकीला पाठ करून सारिका बसली होती. कानाला हेडफोन, समोर तोच लॅपटॉप, पंखा शांत. दाराला ओढणीचा पडदा, आणि शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून उंबऱ्यात बाज आडवी टाकलेली.

"मग मला काहून बोलावलं?" मी आवाज खाली आणत विचारलं.

बाबांनी लिंबाखालच्या दुसऱ्या बाजेकडं नेलं. तिच्यावर शेजारपाजारचे दोन लॅपटॉप मांडून ठेवले होते, एकाची बिजागरी तुटलेली, दुसरा वर्षभरापासून बंद. त्यांचे मालकही हजर होते. "सगळ्यांना सांगितलंय, तुमच्याशिवाय कोणाला द्यायचं न्हाई," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. "फक्त पैशाचं तेवढं माझ्याशी बोला. यांना जमत न्हाई."

मग आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. जन्मात पहिल्यांदाच मी कुजबुजत घासाघीस केली. आवाज चढवायची सोय नव्हती, आणि आवाज न चढवता मला भाव धरता येत नाही, हे त्या म्हाताऱ्यानं आधीच हेरलं असावं. मी हरलो.